दुसऱ्या चोरीचे काळे पाणी

धारवाड मागे टाकून गोव्याच्या वाटेला लागले की शहर संपता संपता केलगेरीचे तळे दिसते. शिक्षणासाठी धारवाडची वाट धरलेल्या गोमंतकीयांच्या कित्येक पिढ्यांना हे तळे परिचयाचे आहे. केलगेरी हे आता हुबळी-धारवाड महानगराच्या पोटातले गाव. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यातले एक साधे खेडे होते. घाट उतरून समुद्रापर्यंत यायचे तर आजच्या रस्त्याने दीडशेएक किलोमीटर पडतात. तेथल्या कुळवाड्याने त्या काळी आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे एखादे तळे नाही तर पावसाळ्यातला फुगलेला ओढा. समुद्र त्याच्या लेखी केवळ एक शब्द होता.

आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना ही गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. खारवी, गाबीत, भंडारी यांच्या घरांत समुद्र हे शेत असते. तो माणसे गिळतो हे खरे, पण अन्नही तोच देतो. समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत जाऊन बसली तरी किनाऱ्यावरची गलबते त्यासाठी कधी थांबली नाहीत. 'काळे पाणी' या दोन शब्दांची खरी धास्ती होती ती घाटमाथ्यावरच्या माणसाला. इंग्रज सरकारने हे नेमके हेरले होते. मेकॉले ज्या तुरुंग-समितीचा सदस्य होता तिने १८३८ च्या आपल्या अहवालात समुद्रापार पाठवण्याच्या शिक्षेची भलावण केली ती याच धास्तीच्या बळावर. फाशीने माणूस एकदाच मरतो. समुद्र ओलांडला की तो जातीतून, गोतातून आणि श्राद्धाच्या पिंडांतूनही जातो. राज्यकर्त्यांना हवी होती ती ही दुसरी मरणकळा, आणि तिच्यासाठी गुन्हाही तितकाच मोठा हवा असा त्यांचा आग्रह नव्हता.

काळे पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काही ठरावीक मूर्ती उभ्या राहतात. वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात १८८३ साली मरण पावले. सावरकरबंधू अंदमानच्या कोठडीत कोलू फिरवत होते. गोमंतकापुरते बोलायचे तर राण्यांच्या बंडातील माणसे तिमोरपर्यंत धाडली गेली आणि १९४६ साली त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले गेले. या सर्वांची नावे आपण रस्त्यांना दिली, शाळांतून शिकवली, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे एक विचित्र समजूत मनात रुजली आहे. काळे पाणी ही जणू देशभक्तांसाठीच निर्माण केलेली शिक्षा होती, असे आपल्याला वाटू लागले आहे. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभी अंदमानात एका वेळी दहा हजारांहून अधिक कैदी असत. त्यांतले राजबंदी मूठभर. बाकीचे कोण? खुनी आणि दरोडेखोर यांचा भरणा मोठा होता हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्यांच्याच रांगेत, त्याच लाकडी बिल्ल्याचे लोढणे गळ्यात घालून, साधे चोरही उभे होते. भांडी चोरणारे, धान्य चोरणारे, रात्री भिंतीला भोक पाडून आत शिरणारे. त्यांच्यावर कोणी पोवाडा रचला नाही, आणि रचावा असे आमचेही म्हणणे नाही. मात्र ते तेथवर पोचले कसे, एवढे तरी विचारावयास हवे.

ते पोचले कायद्याने. १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांची कैद होती. राहत्या घरातल्या चोरीला सात. यात अमानुष असे काही दिसत नाही. खरी मेख इतर दोन कलमांत होती. कलम ५९ म्हणत असे की ज्या गुन्ह्याला सात वर्षे किंवा त्याहून अधिक कैद देता येते, तेथे न्यायालयाने मनात आणल्यास कैदेऐवजी तितक्याच मुदतीचे काळे पाणी द्यावे. म्हणजे घरात शिरून चार तांब्ये उचलणाराही समुद्रापार जाऊ शकत होता. कलम ७५ त्याहून कडक. नाण्यांविषयीचे आणि मालमत्तेविषयीचे जे गुन्हे तीन किंवा अधिक वर्षांच्या कैदेस पात्र आहेत, त्यांपैकी एकासाठी आधी दोषी ठरलेल्या माणसाने पुन्हा तसाच गुन्हा केला, तर त्याला जन्मभर काळ्या पाण्यावर पाठवता येई. साधी चोरी तीन वर्षांच्या कैदेस पात्र, तेव्हा ती या जाळ्यात अलगद सापडत होती. पहिल्या चोरीला काही महिने, दुसरीला प्रसंगी आयुष्य! चोरलेला माल किती किमतीचा, या प्रश्नाला या कलमात जागाच नव्हती. त्याखाली झालेल्या शिक्षांवरची अपिले जुन्या निर्णयसंग्रहांत वारंवार भेटतात. काही ठिकाणी वरच्या न्यायाधीशांनी शिक्षा कमी केली, काही ठिकाणी केली नाही.

आता केलगेरीसारख्या गावातला एक माणूस कल्पनेने उभा करू. त्याला नाव देत नाही, कारण नाव खोटे ठरेल. त्याच्या वाटेवरच्या पायऱ्या मात्र खऱ्या आहेत. एका उन्हाळ्यात त्याने सावकाराच्या पडवीतून पितळेची घागर उचलली. सापडला. धारवाडच्या तुरुंगात काही महिने खडी फोडून परत आला. परत आल्यावर गावात कोणी कामावर ठेवीना. ठेवणार कसे? ज्याची घागर गेली त्याचाच मळा. मग दोन वर्षांनी जोंधळ्याचे पोते. या खेपेला पोलिसाने मागचा कागद जोडला आणि प्रकरण सत्र न्यायाधीशापुढे गेले. बायकोला निकाल समजला तो बहुधा असा: गेला, आता येणार नाही. पायांत बेड्या, रेल्वेचा बंद डबा, मद्रासचा धक्का आणि मग आगबोट. जहाजावर शिजलेले अन्न कोणाच्या हातचे, या शंकेने कित्येक हिंदू कैदी चुरमुरे, चणे, फुटाणे यांवरच दिवस काढीत. समुद्र त्याने प्रथम पाहिला तो या अवस्थेत.

पोर्ट ब्लेअरची वसाहत १८५८ च्या मार्चमध्ये डॉक्टर वॉकर याच्या देखरेखीखाली दोनशे कैद्यांनिशी सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या वर्षांत जंगलतोडीने, तापाने व पळून जाण्याच्या प्रयत्नांत माणसे भराभर मेली. पुढे व्यवस्था बसली. गळ्यातल्या बिल्ल्यावर कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. आधी तुरुंग, मग टोळीतली सक्तमजुरी, मग थोड्या मजुरीवरचे काम, आणि वर्तणूक चांगली राहिल्यास सुमारे दहा वर्षांनी 'तिकीट'. तिकीटवाल्याला तुरुंगाबाहेर राहून स्वतःच्या श्रमावर पोट भरण्याची मुभा मिळे. त्याला जमीन मिळे, गाय पाळता येई, परवानगीने कैदी स्त्रीशी लग्नही करता येई. स्त्रिया थोड्या, म्हणून तेही नशिबाचे काम. लग्न झाले तर वधूवरांची जात, प्रांत, भाषा जुळण्याचा प्रश्नच उरत नव्हता. अशा घरांत जन्मलेल्या मुलांना 'लोकल बॉर्न' म्हणत, आणि ती मुले हिंदुस्थानी बोलत. बापाची कानडी किंवा मराठी एका पिढीत विरून गेली. या घराण्यांचे वंशज आजही अंदमानात आहेत. आपला पूर्वज कोणत्या तळ्याकाठचा होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येईल.

समुद्रापार जाणाऱ्या चोराचा हा मार्ग अंदमानच्याही आधीचा आहे. मॉरिशसचा गव्हर्नर फार्कर याला रस्ते बांधण्यासाठी माणसे हवी होती. १८१५ पासून सुमारे दोन दशके बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून पंधराशेच्या आसपास कैदी तेथे गेले. गिरमिटियांची जहाजे मॉरिशसला लागू लागली ती १८३४ नंतर. म्हणजे त्या बेटावरच्या आपल्या मराठी मंडळींच्या पूर्वजांनी ज्या रस्त्यांवरून उसाच्या मळ्यांकडे पावले टाकली, त्यांपैकी कित्येक रस्ते याच इलाख्यातल्या कैद्यांनी आधी तयार केलेले होते. १८३६ साली चार्ल्स डार्विन पोर्ट लुईसला उतरला, तेव्हा रस्त्यावर राबणारे हे पांढऱ्या दाढीचे हिंदी कैदी पाहून तो थक्क झाला. त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांविषयी, स्वच्छतेविषयी आणि धर्मविधी पाळण्यातल्या निष्ठेविषयी त्याने लिहून ठेवले आहे, आणि ऑस्ट्रेलियात पाहिलेल्या गोऱ्या कैद्यांशी केलेली तुलना यांच्याच बाजूची आहे. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आणि गव्हर्नरचा वाडा या इमारतीही हिंदी कैद्यांच्या हातच्या. एका वसाहतीला मजूर हवे, दुसरीला चोर नको. या दोन गरजा एकमेकींना भेटल्या की न्यायाधीशाची लेखणी सैल होते.

उलट दिशेनेही हेच चालू होते. लिस्बनच्या तुरुंगांतले भुरटे शतकानुशतके शिक्षा म्हणून गोव्याच्या फौजेत धाडले जात. आपल्या या भूमीला पोर्तुगालने आपल्या चोरांचे काळे पाणी मानले होते, ही गोष्ट वसाहतीच्या वैभवाचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा आठवावी. इंग्रजांच्या पूर्वेकडील वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात आणले गेले. महाबळेश्वरला त्यांचा तुरुंग होता, तो १८६४ साली बंद झाला. त्या थंड हवेत बटाट्याचे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलवण्यात या कैद्यांचा मोठा हात होता. ज्याने ते वाफे प्रथम खणले, त्या माणसाचेही घर कोठेतरी समुद्रापलीकडे होते. हे आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. दोन्ही दिशांनी चोर वाहून नेणाऱ्या या जहाजांत न्यायापेक्षा हिशेबाचा भाग किती मोठा होता, ते यावरून दिसते.

समुद्रापार पाठवणे सरकारला महाग पडू लागले, तेव्हा देशातल्या देशात काळे पाणी निर्माण झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूर, विजापूर, गदग आणि केलगेरीपासून हाकेच्या अंतरावरची हुबळी! हुबळीत आजही एका वस्तीला 'सेटलमेंट' म्हणतात. हजेरी, परवाना, आणि जवळच्या गिरणीत काम. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे, त्यांना या शिक्क्याचे चटके वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. उत्तरेतल्या भांतू जमातीची काही कुटुंबे तर याच कायद्याच्या आधारे विसाच्या दशकात अंदमानात नेऊन वसवली गेली. तो कायदा रद्द झाला १९५२ च्या ३१ ऑगस्टला. त्यानंतर तीन वर्षांनी संसदेने दंडसंहितेतून काळ्या पाण्याची शिक्षाच काढून टाकली, आणि १ जानेवारी १९५६ पासून तिची जागा जन्मठेपेने घेतली. आपल्याकडचा सर्वसामान्य समज असा की हे प्रकरण तेथे मिटले.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटनमधून सुमारे १ लाख ६२ हजार कैदी तेथे लोटले गेले, आणि त्यांत किरकोळ चोऱ्यांसाठी गेलेले असंख्य. मेरी रायबी नावाची लँकशायरची मुलगी तेराव्या वर्षी मुलाच्या वेशात घोडा चोरताना सापडली. सात वर्षांची शिक्षा होऊन १७९२ साली ती सिडनीला उतरली, आणि पुढे जहाजांची व गुदामांची मालकीण झाली. १९९४ पासून त्या देशाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे. एके काळी तेथील घराणी कैदी पूर्वजाचे नाव लपवीत. आता ते अभिमानाने शोधतात. आमच्या नोटेवर कोणा घागरचोराने यावे असे आम्ही म्हणत नाही. तो भाग आम्ही मोठ्या आनंदाने गांधीजींकडेच ठेवू. परंतु ज्या देशाने आपले चोर आठवणीत ठेवले, त्या देशाला चोरीच्या शिक्षेविषयी थोडे शहाणपण आपोआप येते. आपण आपले काळे पाणी केवळ हुतात्म्यांपुरते राखले. त्यामुळे ज्या कलमाने साधा चोर समुद्रापार गेला, त्या कलमाकडे स्वातंत्र्यानंतरही कोणी वळून पाहिले नाही.

ते कलम जिवंत आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. वसाहतवादाचे जोखड फेकून दिल्याची भाषणे झाली. या संहितेचे तेरावे कलम वाचकांनी मुद्दाम काढून पाहावे. कलम ७५ जवळजवळ शब्दशः तेथे येऊन बसले आहे. मालमत्तेविषयीच्या, तीन वर्षे किंवा अधिक कैदेस पात्र अशा गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेल्या माणसाने पुन्हा तसाच गुन्हा केला, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. बदलला आहे तो एक शब्द: 'काळे पाणी'च्या जागी 'जन्मठेप', आणि तोही १९५६ चाच. साध्या चोरीची कमाल कैद आजही तीन वर्षे आहे. म्हणजे आमचा केलगेरीचा माणूस आज पुन्हा जन्मला आणि घागरीऐवजी भ्रमणध्वनी उचलू लागला, तर दुसऱ्या खेपेला तो आयुष्यभर आत जाऊ शकतो. समुद्र तेवढा वाचला.

नव्या संहितेत दयेचा अंश नाही असे कोणी म्हणू नये. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, माल किंवा त्याची किंमत परत केली असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर दोषीला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे, आणि आम्ही तिचे मनःपूर्वक स्वागत करतो. खटला चालू असताना पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडावे, असेही नव्या प्रक्रिया संहितेत आहे. पण दोन्हीकडे अट तीच: पहिलीच वेळ. दुसऱ्या वेळेस कायद्याचा चेहरा एकदम १८६२ चा होतो. त्याच चोरीच्या कलमात दुसऱ्या खेपेला किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे, ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि त्याच्या पाठीशी ते तेरावे कलम उभे आहेच.

पहिल्या आणि दुसऱ्या चोरीच्या मध्ये काय घडते, हा खरा प्रश्न आहे. पहिली शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम मिळत नाही. वस्तीत चोरी झाली की पहिली चौकशी त्याची. जामिनासाठी ज्याची सही चालेल असा माणूस त्याच्या ओळखीचा नसतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे दर चारांत तिघे, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता. यांतले सर्वच भुरटे चोर नाहीत, हे उघड आहे. पण वकील नसलेला, जामीनदार नसलेला आणि 'मागचा कागद' असलेला माणूस या गर्दीत सर्वांत मागे राहतो, हे सांगायला आकडे लागत नाहीत.

कोणी म्हणेल की आजचे न्यायाधीश भ्रमणध्वनीच्या चोरीसाठी जन्मठेप थोडीच देणार आहेत. न देवोत. मग जी शिक्षा कोणी देणार नाही, ती कायद्यात ठेवण्याचे प्रयोजन काय? न वापरलेले शस्त्रही धाक घालण्याच्या उपयोगी पडते. पोलीस चौकीच्या बाकावर बसलेल्या माणसाला 'दुसरी वेळ आहे, जन्मभर आत जाशील' असे सांगणारा हवालदार कायद्याच्या दृष्टीने खोटे बोलत नसतो. आणि असे सांगितल्यावर तो माणूस काय काय कबूल करील, याचा अंदाज कोणीही करू शकतो. सराईत टोळ्यांची गोष्ट वेगळी. संघटित गुन्ह्यासाठी नव्या संहितेत स्वतंत्र आणि कडक कलमे आहेत. दरोड्याला, घरफोडीला स्वतंत्र शिक्षा आहेत. त्यांच्यासाठी तेराव्या कलमाची गरज नाही. ते उरते फक्त साध्या चोरासाठी, म्हणजे ज्याच्यासाठी ते मुळीच असू नये त्याच्यासाठी.

गोव्याच्या, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या खासदारांनी हे कलम रद्द करण्याची, निदान साधी चोरी त्यातून वगळण्याची मागणी संसदेत मांडावी. तिन्ही राज्यांतल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी आपापल्या कारागृहांत जाऊन दुसऱ्या चोरीच्या आरोपाखाली आत असलेल्यांची यादी करावी: किती दिवस झाले, वकील आहे का, माल किती किमतीचा. ही यादी करण्यासाठी नव्या कायद्याची, निधीची वा समितीची गरज नाही. एक कारकून, एक वही आणि आठवडाभराची सवड पुरेशी आहे.

आणि धारवाड किंवा रत्नागिरीच्या सत्र न्यायालयांनी काळ्या पाण्यावर पाठवलेल्या माणसांच्या निवाड्यांचे कागद जेथे जेथे उरले असतील, तेथे एखाद्या विद्यापीठाने विद्यार्थी बसवावेत. त्या कागदांवर गावाचे, बापाचे आणि चोरलेल्या वस्तूचे नाव लिहिण्याची पद्धत होती. घागर होती की जोंधळा, हे त्यांवरून कळेल; आणि पोर्ट ब्लेअरच्या एखाद्या घरात आजोबांचे गाव विचारणाऱ्या नातवाला सांगण्यासारखे काहीतरी हाती येईल.